न्यायमूर्तींचे वडील

आपल्या माणसाला एखादी गोष्ट ‘कुणाला सांगू नका’ म्हणून सांगितली, की तो ती फक्त आपल्या माणसांना सांगतो. त्यात काही चुकलं असं त्याला वाटतही नाही, कारण त्याच्या हिशेबी ‘कुणाला’मध्ये आपली माणसं मुळात येतच नाहीत. आसावरी मोहिलेला हे ठाऊक असायला हवं होतं. बावन्न वर्षांची बाई, सगळा जन्म लंडनच्या हॅरो भागातल्या मराठी मंडळींत गेलेला, आणि समोरचा साक्षीदार कुठे थाप मारतोय ते नेमकं पकडण्याबद्दल लंडनच्या कोर्टांत नावाजलेली. पण वडिलांसमोर बॅरिस्टर बाईसुद्धा नुसती मुलगी होते आणि अक्कल जरा बाजूला पडते.

बातमी तशीच मोठी होती. हायकोर्टाची जज म्हणून निवड आयोगानं तिचं नाव न्यायमंत्र्यांकडे पाठवलं होतं. या देशात जज निवडायला संसदेत मतदान होत नाही. आयोग बंद दाराआड मुलाखती घेतो, एक नाव वर पाठवतो, मंत्री मान डोलावतात आणि मग राजाच्या नावानं घोषणा होते. मंत्र्यांना नाही म्हणायचा अधिकार आहे, पण तो वापरायचं सहसा कुणाला सुचत नाही. अट एकच. घोषणा होईपर्यंत उमेदवारानं तोंड उघडायचं नाही. आसावरीनं तसं कबूल करून टाकलं होतं.

नवऱ्याला तिनं सांगितलं, तेवढी मुभा होती. मिलिंद पुण्याहून आलेला डॉक्टर, हॅरोतच त्याची प्रॅक्टिस. तो म्हणाला, “अरे वा, ब्रिलियंट!” आणि डिशवॉशर भरायला लागला. पंचवीस वर्षं इथे राहून आनंदसुद्धा तो इथल्या मापानंच करायला शिकला होता. लेक सिया ग्लासगोला शिकत होती, तिचं सगळं आयुष्य फोनवर जगजाहीर, म्हणून तिला नाही. आई, श्यामलाबाई, असत्या तर त्यांनी आधी देवापुढे साखर ठेवली असती आणि मग रडल्या असत्या. त्या जाऊन दोन वर्षं झाली होती. आसावरीला कुणाला तरी रडवायचं होतं, खरं सांगायचं तर. म्हणून ती खालच्या खोलीत बाबांकडे गेली.

अवधूत मोहिले चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. लंडनच्या रेल्वेत सिग्नलचे इंजिनियर म्हणून आयुष्य काढलेलं. महाराष्ट्र मंडळाचा चालता-बोलता इतिहास. कोण कुठल्या साली आलं, कुणाच्या मुंजीत कुणाचा जावई रुसला, पहिल्या गणपतीला आरतीची पेटी कुणी वाजवली, हे सगळं त्यांना विचारावं. अजून स्वतः गाडी चालवत वेम्बलीला जायचे आणि इलिंग रोडवरच्या दुकानदाराशी भेंडी कोवळी की जून यावर गुजरातीत भांडून यायचे.

“बाबा, एक न्यूज आहे. पण कुणाला म्हणजे कुणाला सांगायची नाही. मी जज होणार आहे. हायकोर्टाचा.”

“हायकोर्टाची,” बाबांनी पेपरातून मान वर न काढता दुरुस्ती केली. आसावरीचं मराठी आईच्या धाकानं टिकलेलं होतं, पण त्यातली लिंगं मनाला येईल तशी फिरत, आणि बाबा गेली पन्नास वर्षं ती जागेवर आणून बसवत होते. मग त्यांनी पेपर खाली ठेवला. चष्मा काढला. “हायकोर्टाची?”

आणि ते रडले. आसावरीचं काम झालं.

बाबांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. फक्त पुष्करला सांगितली. पुष्कर मंडळाचा सेक्रेटरी, पन्नाशीचा उत्साही गृहस्थ, कौन्सिलच्या निवडणुकीला उभं राहायच्या तयारीत. बाबांनी त्याला शपथ घातली होती. त्यानंही ती पाळली आणि फक्त कमिटीला सांगितलं, तेही दार लावून. कमिटीनं कुणाला सांगितलं नाही. फक्त शालीची ऑर्डर दिली.

संक्रांतीचा कार्यक्रम हॅरोतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. आसावरी काळी चंद्रकळा नेसून, तिळगूळ खाऊन तासाभरात निघायच्या बेतानं गेली. पुढच्या रांगेत बाबा सूट घालून बसले होते. संक्रांतीला सूट कशाला, हा प्रश्न तिला पडला, पण तेवढ्यात सूत्रसंचालन करणारी अक्षया माईकवर म्हणाली, “आणि आता आपण सत्कार करणार आहोत आपल्या लाडक्या, माननीय न्यायमूर्ती आसावरीताई मोहिले यांचा!”

हॉलमध्ये तीनशे माणसं उभी राहिली. टाळ्या थांबेनात. आसावरी जागच्या जागी गार पडली. आता, या क्षणी, माईक हातात घेऊन ‘हे खरं नाही, बसा सगळे’ म्हणायला हवं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण पुढे बाबा उभे होते, दोन्ही हात जोडून, डोळे गळत असलेले. आणि कुणीतरी पाठीवर हात ठेवून तिला स्टेजकडे ढकलतच होतं. आपल्याकडे सत्कार नाकारायची पद्धत नाही. नाही-नाही म्हणणं हा सत्काराचाच भाग धरतात. ती दोनदा नाही म्हणाली आणि लोकांना तिचा विनय फार आवडला.

शाल घालायला पुष्करनं शेजारच्या मतदारसंघातला खासदार बोलावला होता. व्हिटकोम नावाचा हा गुलाबी माणूस विरोधी पक्षाचा, पुष्करच्याच पक्षाचा. त्यानं तिच्या अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला, आणि माईक घेऊन म्हणाला, “या सरकारला त्याची जागा दाखवून देणारी जज आपल्याला मिळते आहे!”

हे तो का म्हणाला ते सांगायला हवं. आसावरी वर्षातून काही आठवडे हायकोर्टात तात्पुरती जज म्हणून बसायची. मागच्या हिवाळ्यात तिच्यापुढे केअर होममध्ये काम करणाऱ्या बायकांचं प्रकरण आलं होतं. त्यांच्या मुलांना देशाबाहेर पाठवणारा एक नियम गृहमंत्र्यांनी काढला होता, आणि असा नियम काढायचा अधिकारच मंत्र्यांना नाही, असा निकाल तिनं दिला होता. निकाल कायद्याचा होता, कोरडा होता, वाचताना झोप यावी इतका. पण त्या दिवसापासून सरकारी बाकांवरचे काही खासदार तिच्या नावानं दात-ओठ खात होते.

आणि आता त्यांच्या हाती व्हिडिओ लागला. मंडळाच्या पेजवर पुष्करनंच टाकलेला, खाली नमस्कारांची आणि फुलांची रांग.

आठवडा उलटायच्या आत तो एका मोठ्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर होता. फोटोत आसावरी शाल पांघरून, नारळ कवेत घेऊन, आणि शेजारी व्हिटकोम सगळे दात दाखवत. वर मथळा : ‘विरोधकांची न्यायमूर्ती?’ सरकारी पक्षातल्या मंडळींनी मागणी केली की या बाईंना संसदेच्या समितीपुढे उभं करा, प्रश्न विचारा, आणि मंत्र्यांनी नाव परत पाठवावं. विरोधकांनी लगेच न्यायालयाच्या स्वातंत्र्यावर हल्ला झाल्याची आरोळी ठोकली आणि आसावरीचं नाव झेंड्यासारखं नाचवायला घेतलं. टीव्हीवर रोज संध्याकाळी दोन माणसं तिच्यावरून भांडत. दोघांपैकी एकालाही ती कधी भेटलेली नव्हती. मंत्री म्हणाले, आपण ‘सर्व बाजूंनी विचार करत आहोत’. म्हणजे वारा कुठला आहे ते बघत होते.

आसावरीला यातल्या एका शब्दालाही उत्तर देता येत नव्हतं. जज होऊ घातलेल्या माणसानं पेपरवाल्यांशी बोलायचं नसतं. फाटकाशी एक फोटोग्राफर उभा असे, म्हणून ती मागच्या गल्लीतून स्टेशनला जायला लागली. मेट्रोपॉलिटन लाईनच्या ट्रेनमध्ये समोरच्या माणसाच्या हातात तिचाच फोटो. चेंबर्समध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या कचेरीत, ती आली की बोलणं थांबे. पुष्कर फोनवर म्हणाला, “आसावरीताई, तुम्ही काळजी करू नका, आपण निषेध सभा घेऊ, बॅनर छापायला टाकलाय.” तिनं त्याला हात जोडून विनवलं, फोनवर हात जोडलेले दिसत नाहीत तरी.

मग आयोगाकडून विचारणा आली. अतिशय सभ्य भाषेत. घोषणेआधी ही बातमी आपल्या मंडळाला कशी समजली, ते कृपया कळवावं.

ती खरी कात्रीत सापडली ती इथे. मीच वडिलांना सांगितलं, असं लिहावं तर वचन मोडलं हे कबूल. मंत्र्यांना नाही म्हणायला कारण हवंच होतं, ते ताटात वाढून दिल्यासारखं. सांगितलं नाही असं लिहावं तर ते खोटं. खोटं लिहिणं आपल्याला जमणारच नाही, अशी तिची तोवर समजूत होती.

त्या शनिवारी तिच्या चेंबर्सचा प्रमुख घरी आला. ह्यू त्याचं नाव. सत्तरीचा, उंच, कायम गुडघे कुठे ठेवावेत या विवंचनेत असलेला. चहा झाला. केकची तारीफ झाली. बाबा पलीकडच्या खोलीत होते, मधलं दार उघडं.

“तुझे वडील,” ह्यू कपात बघत म्हणाला, “चौऱ्याऐंशीचे ना?”

“हो.”

“सुंदर वय. या वयात माणसं ऐकलेलं, वाटलेलं, मनात असलेलं जरा इकडचं तिकडे करतात. माझी आई शेवटच्या वर्षी मला बिशप समजायची. मी आशीर्वादसुद्धा द्यायचो.” त्यानं चमचा बशीत नीट आडवा ठेवला. “असल्या बाबतीत कुठल्याही कुटुंबाला कुणी फार खोलात जाऊन विचारत नाही. विचारणारा माणूसच वाईट दिसतो.”

“ह्यू, माझ्या वडिलांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे.”

“अर्थातच आहे. मी कुठे काय म्हणालो?” तो उठला, केकची पुन्हा एकदा तारीफ केली आणि गेला. इंग्रज माणूस सुरीनं कापतो तेव्हाही हातरुमाल पुढे करतो. आसावरीला त्याचा संताप आला, आणि आपण त्याला घराबाहेर काढलं नाही याचा त्याहून जास्त.

 मंगळवारी दुपारी ती घरी आली तर ते स्वयंपाकघरात सफरचंद सोलत बसले होते, आणि चेहऱ्यावर चोरून आंबा पाडून आलेल्या पोराचा भाव.

“डॉक्टरकडे जाऊन आलो.”

“का? काय होतंय?”

“काही नाही. स्मरणशक्तीची टेस्ट घेतात ना, ती दिली. नापास झालो.” त्यांनी सफरचंदाची फोड तिच्यापुढे केली. “इतकं सोपं विचारतात गं. एक पत्ता सांगितला आणि पाच मिनिटांनी परत विचारला. मी म्हटलं, कसला पत्ता? मग म्हणाली, घड्याळ काढा. मी सगळे आकडे एकाच बाजूला काढले आणि काटे काढलेच नाहीत. महिना कुठला विचारलं, म्हटलं, आंब्यांचा. बाहेर स्नो पडतोय.” ते हसले, आणि मग हसले नाहीत. “पोरगी फार गोड होती. माझा हात धरून म्हणाली, नो रश, मिस्टर मोहिले. तिला फसवताना मात्र वाईट वाटलं. पुढच्या तपासणीला पाठवणार आहे मला, मोठ्या क्लिनिकमध्ये.”

आसावरी खुर्चीत बसली. कोट अंगात तसाच. “बाबा, हे का केला तुम्ही?”

“केलं,” बाबा म्हणाले. “लिही आता. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मुलीनं जज व्हावं असं मनात होतं, तेच खरं धरून मंडळात सांगत सुटला. खोटं एवढंसंच आहे. मनात तर होतंच.”

“मी नाही लिहिणार. मी ट्रूथ सांगणार. मी तुम्हाला सांगितली, माझी चूक आहे.”

“सांग की. तुझं जजपण जाईल. वर मी डॉक्टरणीला बनवलं तेही चव्हाट्यावर येईल. बापलेक दोघं लबाड.” बाबांचा आवाज चढला नव्हता, पण सुरी हातातून खाली ठेवली होती. “आणि त्या केअर होममधल्या बायका? उद्या म्हणतील, बघा, ती जजच तसली होती, निकाल फिरवा. त्यांच्या पोरांचं काय? आणि माझं काय? तू एवढंच म्हणाली होतीस, कुणाला सांगू नका. मला तेवढंही जमलं नाही. तुझी आई असती तर म्हणाली असती, यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. निदान आता तरी मला हे निस्तरू दे.”

मिलिंद दारात येऊन उभा होता, कधीचा कुणास ठाऊक. “अहो बाबा, ते मेडिकल रेकॉर्ड आहे! ते आता पुसता येत नाही. तुमचं ड्रायव्हिंग लायसन्स जाईल, सगळं जाईल. काय केलंत हे?” मग त्यानं दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. “थांबा. मला काही सांगू नका. मला कळलं तर डॉक्टर म्हणून मला ते बोलावं लागेल. मी काही ऐकलं नाही.” आणि तो जिना चढून वर गेला, दार लावलं. एका घरातली तीन शहाणी माणसं, आणि बाहेर पडायचं दार एकालाही सापडेना.

आसावरीनं उत्तर लिहिलं. चार ओळींचं. माझे वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. स्मरणशक्तीच्या तक्रारीवरून त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना पुढील तपासणीसाठी पाठवलं आहे. कार्यक्रमात जे घडलं त्याची मला पूर्वकल्पना नव्हती आणि त्याचा मला खेद आहे. याहून अधिक बोलणं वडिलांच्या दृष्टीनं उचित ठरणार नाही, हे आपण समजून घ्याल.

चारी वाक्यं खरी होती. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कुणी असं उत्तर दिलं असतं, तर तिनं त्याला तासभर सोडलं नसतं. तिनं ते पाठवलं.

ह्यू म्हणाला होता तसंच झालं. हेही कुठून तरी बाहेर फुटलं, आणि दोन दिवसांत सगळी लढाई विरघळली. भ्रमिष्ट म्हाताऱ्यावर हात टाकायची कुणाची तयारी नव्हती. सर्वांत जहरी लिहिणाऱ्या स्तंभलेखकानं स्वतःच्या आजीवर हळवा लेख लिहिला. व्हिटकोमनं दिलगिरी व्यक्त केली. संसदेत एका बाईंनी मोहिले कुटुंबाला सर्व पक्षांच्या सदिच्छा कळवल्या. मंत्र्यांचा सर्व बाजूंनी विचार करून झाला आणि त्यांनी मान डोलावली. मार्चमध्ये रीतसर घोषणा आली. आसावरीला शेकडो मेसेज आले, आणि निम्म्यांच्या शेवटी ‘बाबांना सांभाळ’ होतं.

बाबांना सगळेच सांभाळायला लागले. पुष्कर पेढे घेऊन आला. गेली तीस वर्षं ज्या माणसाच्या घरी तो पत्ते कुटायला यायचा, त्याच्यासमोर वाकून तो मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, “काका! मी! पुष्कर! ओळखलंत का?”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. “तू माधवचा मुलगा,” म्हणाले. माधव मंडळाच्या पहिल्या खजिनदाराचं नाव, आणि त्याला मूलबाळच नव्हतं. पुष्करच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताना दारात तो हळू आवाजात आसावरीला म्हणाला, “मंडळाच्या इतिहासावर काकांचं भाषण ठेवलं होतं. आता... काका फक्त येऊन बसतील ना पुढे? आम्ही खुर्ची ठेवू.” आतून बाबांना ऐकू जात होतं. त्या भाषणाची तयारी ते वर्षभर करत होते.

एप्रिलमध्ये लायसन्स परत मागवून घेतलं गेलं. गाडी विकली. इलिंग रोडची भेंडी आता मिलिंद आणायचा, जून असायची, आणि बाबा न बोलता खायचे. मोठ्या क्लिनिकमध्येही ते नापास झाले. तिथे तीन तास लागले, म्हणाले, फार दमायला होतं, बरोबर उत्तर आधी आठवावं लागतं आणि मग ते सोडून दुसरं द्यावं लागतं.

आणि एका रविवारी ग्लासगोहून सियाचा फोन आला, रडत. “आई, आजोबांनी मला विचारलं, तुझी शाळा कशी चाललाय. आय ॲम ट्वेंटी, आई! त्यांना माहीतच नाही मी कोण.” आसावरीच्या ओठांवर खरं आलं होतं. पण पोरगी वसतिगृहात, भोवती मैत्रिणी, आणि एक मेसेज कुठवर जातो ते या घरानं पाहिलेलं. “हो गं,” ती म्हणाली. “होतं असं कधी कधी.” फोन ठेवल्यावर ती तरातरा खाली गेली. “बाबा, सियाला तरी!”

“तिनं कुणाला सांगितलं तर?” बाबा म्हणाले.

शपथविधीचा दिवस मे महिन्यातला, लख्ख उन्हाचा. लाल झगा, डोक्यावर तो घोड्याच्या केसांचा टोप, जुन्या कोर्टातली काळी लाकडं. पुढच्या बाकावर मिलिंद, सिया आणि मध्ये बाबा, सियानं त्यांचा हात घट्ट धरलेला. भय, मेहेरबानी, माया किंवा आकस न बाळगता सर्वांना न्याय देईन, असं आसावरीनं इंग्रजीत म्हटलं. मधल्या एका शब्दावर तिचा आवाज किंचित अडखळला. लोकांना वाटलं, भारावली.

नंतरच्या चहाला एक वयस्क जज बाबांसमोर उकिडवे बसले आणि मायेनं म्हणाले, “तुम्हाला आज फार अभिमान वाटत असेल.” बाबा त्यांच्या झग्याच्या बाहीला हात लावून म्हणाले, “छान कापड आहे. आम्ही कुठल्या लग्नाला आलोय?” सगळे गोड हसले. सिया खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मिलिंद आणि सिया सामान आणायला परत आत गेले, तेव्हा बापलेक बाजूच्या रस्त्यावर गाडीत दोघंच होते. काचा वर. आसावरीनं टोप मांडीवर काढून ठेवला होता.

“चांगलं झालं,” बाबा म्हणाले. तोच जुना, स्वच्छ, सिग्नल तपासणाऱ्या माणसाचा आवाज. “डावीकडचा जज झोपला होता. आणि तू ‘माया’वर अडखळलीस.”

“हो.”

“अडखळू नकोस. पुढे रोज त्या खुर्चीत बसायचंय.” ते सीटचा पट्टा लावायला लागले. “जजला रिटायर कधी व्हावं लागतं?”

“सेव्हंटी फाइव्ह.”

“म्हणजे अजून तेवीस वर्षं.” त्यांनी मान हलवली, ट्रेनला उशीर आहे असं बोर्डावर वाचून माणूस हलवतो तशी. “तोवर मी कुठला असायला. म्हणजे मला काही आता पुन्हा शहाणं व्हायला मिळत नाही.”

आसावरीला वाटलं, आत्ता गाडीतून उतरावं, परत आत जावं, तो झगा त्या वयस्क जजच्या हातात द्यावा आणि म्हणावं, हा माणूस या इमारतीतल्या सगळ्यांपेक्षा शहाणा आहे. तिचा हात दाराच्या कडीवर गेलाही. बाबांनी तो हात पाहिला आणि हलकेच नाही म्हणून मान हलवली.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. ह्यू होता, बरोबर त्याची बायको, दोघं हसत. आसावरीनं काच खाली केली. कडेनं तिला दिसलं की बाबांचा जबडा सैल पडलाय, नजर कुठेतरी लांब लागलीय. अगदी अचूक.

“मिस्टर मोहिले!” ह्यूची बायको ओणवी होऊन म्हणाली. “केवढा मोठा दिवस!”

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग आसावरीकडे. मग बोट आसावरीकडे करून, घाबरल्यासारख्या आवाजात, इंग्रजीत विचारलं, “या बाई कोण? मला कुठे नेताहेत?”

ह्यू आणि त्याची बायको आसावरीकडे बघत होते. बाबाही बघत होते, बोट तसंच धरून, वाट बघत.

न्यायमूर्ती मोहिले वडिलांच्या अंगावर थोड्या वाकल्या, त्यांचं बोट आपल्या दोन्ही हातांत घेतलं, आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत इंग्रजीत म्हणाल्या, “बाबा. मी. तुमची. मुलगी.”